जिन्याखालचं बेट

ज्याला घरात बसवत नाही, तोच जगाचा नकाशा बदलतो. इतिहास उघडून बघा, स्वस्थ माणसाने आजवर एक साधा खडकसुद्धा शोधलेला नाही. खंड सापडले ते पायाला भिंगरी लागलेल्यांना. बाकीचे जेवले, झोपले आणि वारले.

त्या दिवशी उजाडल्यापासून शाळेतल्या बाईंनीही नकाशा पुष्कळ बदलला होता, पण तो स्वयंपाकघराचा. ओट्यावरचे डबे खिडकीत गेले होते, खिडकीतल्या कुंड्या टेबलाखाली, आणि सासूबाईंचा चष्मा कुठल्या तरी नव्या प्रदेशात.

"सूनबाई," सासूबाई भिंत चाचपत म्हणाल्या, "माझा चष्मा कोणत्या खंडात गेला तेवढं सांग. मी बोटीने जाऊन आणते."

"फ्रिजवर आहे, आई."

"फ्रिजवर कशाला?"

"हाताशी असावा म्हणून."

"कोणाच्या हाताशी? जिराफाच्या?"

बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून हालचालीची त्याची हौस पुरेपूर फिटायची. त्यामुळे घरात तो कपाटासारखा असे, म्हणजे जागेवर, उपयोगी आणि बंद.

"होईल गं सगळं नीट," तो चहात बघत म्हणाला.

"काय होईल?"

"जे व्हायचं ते."

"आणि नाही झालं तर?"

"तर ते होईल."

बाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि विसळून टाकला. कपात चहा होता, हे त्याच्या लक्षात आलं, बाईंच्या नाही.

त्यांचा जीव असा टांगणीला लागायला कारण होतं. चौथीच्या वर्गावर बाई हंगामी होत्या. दर मोठ्या सुट्टीच्या आधी शाळा त्यांना निरोप द्यायची आणि सुट्टी संपली की "अहो, या ना" म्हणून बोलावून घ्यायची. इतक्या वेळा निरोप घेऊन इतक्या वेळा परत येणारं माणूस एक तर राजकारणात असतं, नाहीतर हंगामी असतं. यंदा मात्र मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, की खात्याचे साहेब पाठ बघायला येणार. पाठ पसंत पडला तर बाई कायम. नाही पडला तर यंदाचा निरोप खराखुरा.

पाठ होता 'जुने दर्यावर्दी'.

"कृतीतून शिकवा बरं का," मुख्याध्यापक म्हणाले होते. "हल्ली सगळं कृतीतून. मुलांनी हललं पाहिजे. फक्त आवाज नको, धूळ नको, बाकं हलवायची नाहीत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"मग हलायचं कुठे, सर?"

"मनातल्या मनात," सर म्हणाले.

बाईंनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मनावर घेतलं.

गेले काही दिवस चौथीचा वर्ग समुद्रावरच होता. मुलांनी सुया लोहचुंबकावर घासून, बुचाच्या चकतीत खोचून, वाटीतल्या पाण्यावर सोडून होकायंत्रं केली. प्रत्येक सुई फिरून फिरून वर्गातल्या लोखंडी कपाटाकडे तोंड करून थांबायची. त्यामुळे चौथीपुरती उत्तर दिशा कपाटात होती. खलाशांचे हाल कळावेत म्हणून बाईंनी उघड्यावर ठेवून वातड झालेली बिस्किटं एकेक वाटली. हाल कोणालाच कळले नाहीत. मुलांनी आणखी मागितली.

आणि शेवटची मोठी कृती आज होती. बाकं उलटी-सुलटी रचून दोन जहाजं उभी करायची. मग दोन्ही जहाजांवरच्या खलाशांनी एकेक दोर धरून शाळाभर सफरीला निघायचं. आपल्यापैकी कोणीच न पाहिलेली जागा सापडली की ती नवी भूमी. तिला नाव द्यायचं, कोऱ्या नकाशावर ती काढायची, कागदाचा झेंडा रोवायचा आणि परत यायचं.

"आणि तिथे माणसं राहत असतील तर?" वर्गातल्या एका मुलाने विचारलं. त्याला सगळे शंकेखोर म्हणत. शंका घेतल्याशिवाय तो डबाही उघडत नसे.

"असतीलच," बाई म्हणाल्या. "जिन्याखाली रहिवासी आहेत. कोण ते मी सांगणार नाही. ते पुष्कळ बोलतील, पण आपल्याला त्यांची भाषा येत नाही. एक अक्षर कळत नाही. तेव्हा फक्त खाणाखुणा करायच्या. त्यांना भेट द्यायची, त्यांच्याकडून भेट घ्यायची. नाटक ते झकास करतील. तुम्ही फसायचं नाही."

"जुने खलाशी माणसं पण बोटीवर घेऊन यायचे ना, बाई?"

"हो, राजाला दाखवायला आणायचे. आणि ते फार वाईट करायचे."

मुलांची एक पद्धत असते. वाक्याचा पूर्वार्ध ती ऐकतात आणि उत्तरार्ध सुरू होताना रबर शोधायला बाकाखाली जातात.

रहिवासी म्हणून सातवीच्या दोन मुली ठरल्या होत्या. अंगाला कागदाची पानं चिकटवून त्यांनी जिन्याखालच्या बाकावर बसायचं आणि तोंडाला येईल ते बरळायचं. त्या कामाला त्या लायकही होत्या. पण सातवीच्या गणिताच्या सरांना त्याच तासाला अचानक चाचणी घ्यायची लहर आली आणि दोघी पानांसकट अपूर्णांक सोडवायला बसल्या. हे बाईंना कोणी कळवलं नाही.

खाली पुढच्या फाटकात मुख्याध्यापक पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. कधी या पायावर, कधी त्या.

"साहेब अजून नाहीत!" त्यांनी वर तोंड करून हाक दिली. "तुम्ही पाठ सुरू करा! ते मधेच आले की चांगलं दिसतं! बाकं जागेवर आहेत ना?"

"आहेत, सर!" बाई खिडकीतून म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. बाकं जागेवरच होती, फक्त जागा बदलली होती.

पहिलं जहाज घेऊन बाई स्वतः वरच्या मजल्यावर निघाल्या, कारण त्यात रडकी मुलं जास्त होती. दुसरं जहाज त्यांनी एका मुलीच्या स्वाधीन केलं. पहिलीपासून तिचं नाव कप्तान पडलं होतं आणि घरीही बहुधा तिचंच चालत असावं. "फक्त खालच्या जिन्यापर्यंत," बाईंनी बजावलं. "भिंतीच्या कडेने जायचं. लगेच यायचं."

"हो बाई," कप्तान म्हणाली. जगातल्या सगळ्या मोठ्या सफरी असंच सांगून निघालेल्या असतात.

आता साहेबांकडे वळू. साहेबांचा एक खाक्या होता. ते कधी पुढच्या फाटकाने येत नसत. पुढच्या फाटकात पुष्पगुच्छ असतो आणि मागच्या फाटकात शाळा असते, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशीही ते मागून आले. आवार ओलांडताना बुटात खडा गेला म्हणून जिन्याखालच्या बाकावर टेकले आणि बूट काढून झटकू लागले.

"रहिवासी!" कप्तान ओरडली. दोराला धरलेली पोरं एकमेकांवर आदळून थांबली.

साहेबांनी मान वर केली. समोर कागदाची टोपी घातलेली एक मुलगी, तिच्यामागे दोर आणि दोराला लोंबकळणारी अर्धी चौथी.

"काय चाललंय हे? कोणत्या वर्गातली तुम्ही?"

कप्तानने एक हात छातीवर ठेवला, मग आभाळाकडे नेला, मग पोटावरून गोल फिरवला. याचा अर्थ, आम्ही समुद्रापलीकडून मैत्री करायला आलो आहोत.

"जेवली नाहीस का गं, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"काय बोलतोय बघ!" शंकेखोर कुजबुजला. "अगदी खरं वाटतं."

"पण बाईंनी एवढा मोठा माणूस आणला कुठून?"

"भाड्याने मिळतात."

"मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?" साहेब म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी आजवर अनेक शाळांत विचारला होता आणि तो ऐकून माणसं उभी राहत. ही पोरं खूश होऊन एकमेकांना कोपरं मारू लागली. कप्तानने खिशातून तीन निळे मणी काढून साहेबांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं.

मुलांच्या खेळात अधिकाऱ्यांनी समरस व्हावं, असं एक परिपत्रक आहे. ते साहेबांनीच काढलं होतं. ते समरस झाले आणि त्यांनी हसून पेन दिला.

"हं, झालं. आता आण इकडे."

कप्तानने आणखी एक मणी दिला.

"मणी नको. पेन."

आणखी एक मणी.

"हे बघ, तो पेन सरकारी आहे."

आता त्यांना एक फुगा मिळाला, न फुगवलेला. बदल्यात त्यांची छत्री गेली. आरशाच्या एका तुकड्यावर बॅग गेली. "अरे, बॅगेत माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत!" असं साहेब कळवळून म्हणाले, तेव्हा एका खलाशाने टाळ्याही वाजवल्या. तोवर शंकेखोराने बाकाच्या फटीत झेंडा रोवून नकाशावर एक गोल काढला होता.

"नाव काय द्यायचं?"

सगळ्यांनी साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. वरच्या झरोक्यातून ऊन नेमकं तिथेच पडलं होतं.

"चकचकीत बेट," कप्तान म्हणाली.

साहेबांनी एका हाताने डोकं झाकलं आणि दुसऱ्या हाताने बूट चढवला. मग त्यांच्या हाती दोराचा मधला भाग देण्यात आला आणि जहाज परत निघालं. ते गेले, कारण त्यांची बॅग पुढे चालली होती. माणूस आपल्या सामानामागे चालत राहतो आणि पुष्कळदा यालाच बढती म्हणतात.

वरच्या मजल्यावर बाईंचं जहाज तोपर्यंत तुफानात सापडलं होतं. होकायंत्राची वाटी कोणी धरायची यावरून बंड झालं होतं आणि वाटीतलं पाणी एका खलाशाच्या मोज्यात गेलं होतं. दुसऱ्याला खरोखरच मळमळत होतं. नंतर कळलं, की वातड बिस्किटांचा उरलेला पुडा त्यानेच संपवला होता. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या, खिडकीशी जायच्या, फाटकाकडे बघायच्या, परत यायच्या. फाटकात मुख्याध्यापक होते, पुष्पगुच्छ होता, साहेब नव्हते. तास निम्म्यावर आला होता. आले नाहीत तर? पाठच बघितला नाही तर कायम कसे करतील? आणि आत्ता आले, तर काय बघतील? मोजे?

"चला, चला, चला," बाई दोर ओढत म्हणाल्या. "वारा सुटलाय. परत फिरा."

धापा टाकत त्या वर्गात शिरल्या. दुसरं जहाज आधीच बंदरात लागलं होतं. उलट्या बाकांच्या मधोमध एक टक्कल असलेले, कोट घातलेले गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुठीत मणी होते आणि कानावर एक फुगा लोंबत होता.

"कोण हे?" बाईंनी विचारलं.

"रहिवासी," सगळे एका सुरात म्हणाले.

"अहो, कोण तुम्ही?"

साहेबांनी छातीवर हात ठेवला. मग हवेत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग खाली सही ठोकल्यासारखं केलं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बोलता येतं.

"मी," ते घसा खाकरत म्हणाले, "तपासणीसाठी आलो आहे."

पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार बाईंनी मुलांना पुष्कळदा वाक्यात उपयोग करायला दिला होता. तो इतका शब्दशः खरा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हाताला आलेलं एक बाक घट्ट धरलं.

त्याच वेळी दारात मुख्याध्यापक आले. "बाई, साहेब काही येत नाहीत आता. बाकं सरळ—" आणि त्यांनी बाकं पाहिली. मग बाकांमधले साहेब पाहिले. पुष्पगुच्छ आपोआप पुढे झाला. "साहेब! हे... हे आमच्याकडे नेहमी होत नाही, साहेब. बाई हंगामी आहेत. बाई, मुलांना सांगा, ओळीने येऊन माफी मागा म्हणावं."

मुलं बाईंकडे बघू लागली. एका खलाशाच्या हातातून दोर गळून पडला. बाईंना कळून चुकलं, की निरोप तर मिळालेलाच आहे. फक्त कोणी तो अजून उच्चारलेला नाही. मग जाता जाता अर्धाच राहिलेला पाठ कशाला ठेवून जायचं?

"मागतो, सर," बाई म्हणाल्या. "पाठ संपला की सगळे माफी मागतो. शेवटची कृती राहिली आहे. खलाशांनो, खाली बसा. आता रहिवासी बोलणार. मधे कोणी बोलायचं नाही."

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला?" मुख्याध्यापक गुच्छाआडून म्हणाले.

"मी?" साहेब म्हणाले. "मी काय बोलू?"

"काय झालं ते सांगा, साहेब. तुमच्या बाजूने."

साहेबांनी जन्मभर दुसऱ्यांचं काय झालं ते लिहिलं होतं. तुमचं काय झालं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. घरीही नाही. त्यांनी कानावरचा फुगा काढला आणि सवयीने सुरुवात केली, "सदर इसम जिन्याखाली बसला असता..." मग थांबले.

"मी माझ्या जागेवर बसलो होतो," ते म्हणाले. "बुटात खडा गेला होता. तुम्ही आलात. मी हसलो की नाही? मी तुम्हाला पेन दिला, कारण मला वाटलं, खेळ चालला आहे. मग माझ्या ध्यानात आलं, की खेळ तुमचा आहे आणि पेन माझा. मी किती बोललो. चांगलं बोललो, रागावून बोललो. माझा घसा बसला. शेवटी मला वाटायला लागलं, की मीच काहीतरी भलतं बोलतो आहे."

शंकेखोराने हात वर केला. बाईंनी नको म्हणून मान हलवली, पण साहेब म्हणाले, "बोल."

"आम्हाला कळत होतं."

"काय?"

"सगळंच. पेन सरकारी आहे म्हणालात ते. गोळ्यांचं पण."

"मग ऐकलं का नाही?"

शंकेखोराने कप्तानकडे पाहिलं. कप्तानने आपल्या बुटांकडे पाहिलं. तिची टोपी हळूहळू एका कानावर आली होती.

"नियम होता," ती म्हणाली. मग आणखी हळू, "आणि कळतंय असं दाखवलं असतं, तर परत द्यावं लागलं असतं."

बाईंनी या पाठाची सगळी तयारी केली होती. मुलं काय विचारतील, आपण काय सांगायचं, सगळं. हे उत्तर त्यांच्या तयारीत कुठेच नव्हतं. ते कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हतं. इतका वेळ त्यांच्या अंगात जे काही सैरावैरा धावत होतं, ते क्षणभर थबकलं.

कप्तान उठली. तिने पेन दिला, छत्री दिली, बॅग दिली. खाणाखुणा केल्या नाहीत. "तुमच्या बॅगेतल्या एका कागदावर आम्ही बोट काढली," ती म्हणाली. "चुकून."

"कोणत्या कागदावर?"

"मागे कोरा होता त्या."

"असू दे," साहेब म्हणाले. मण्यांची मूठ त्यांनी तिच्यापुढे धरली. कप्तानने मान हलवली. "ते दिलेत तुम्हाला. नीट दिलेत."

मुख्याध्यापकांना आता राहवेना. "साहेब, मी स्वतः यांना लेखी समज देतो."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, हसले आणि छातीवर हात ठेवून तो पोटावरून गोल फिरवला. मुख्याध्यापकांना काही कळलं नाही. मग साहेब बाईंकडे वळले आणि त्यांचा चेहरा पुन्हा खात्याचा झाला.

"बाई, तुम्ही बाकं हलवलीत."

"हो, साहेब."

"अर्धा वर्ग एकटा जिन्यावर सोडलात. कोणी पडलं असतं म्हणजे?"

"चुकलं, साहेब."

"चुकलंच. पुन्हा असं होता कामा नये. पुढच्या वेळी दोन्ही जहाजांबरोबर मोठं माणूस पाहिजे."

बाई बाकाची कड सोडून एक पाऊल पुढे आल्या. "पुढच्या वेळी म्हणजे... कधी, साहेब?"

"कधी म्हणजे? पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी. हा धडा दरवर्षी येणारच. तुम्ही निवृत्त होईपर्यंत कोण शिकवणार तो?"

"पण साहेब, त्या हंगामी आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

"हंगामी माणूस निवृत्त कसं होईल हो?" साहेब म्हणाले. "व्याकरणातच बसत नाही. मी लिहितो तसं."

बाईंना त्या दिवसात पहिल्यांदाच बसावंसं वाटलं. पण वर्गातलं एकूण एक बाक उलटं होतं, म्हणून त्या उभ्याच राहिल्या आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून कपाटाकडे, म्हणजे उत्तरेकडे, बघू लागल्या.

घंटा झाली. मुलं डबे, टोप्या, मोजे गोळा करू लागली. पण साहेबांना आता कंठ फुटला होता. कित्येक वर्षांत त्यांचं एवढं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं. ते जहाजातून खाली उतरले, एक पाय पुढे टाकून ठामपणे उभे राहिले आणि त्यांनी हात उंच केला.

"मुलांनो," ते म्हणाले, "माणसाने समुद्र ओलांडले, पर्वत ओलांडले, उद्या तो आणखी कुठे कुठे जाईल! पण समोरचा काय म्हणतो ते जोवर तो ऐकून घेत नाही, तोवर माणूस खऱ्या अर्थाने एक पाऊलसुद्धा—"

"काका," खालून एका मुलीचा आवाज आला. ती वाकून काहीतरी ओढत होती. "जरा पाय उचला ना. माझ्या दप्तराचा पट्टा आहे."